वाचकांचे प्रश्न : सहकारात सभासद कोण?

प्रश्न : सहकारामुळे गरिबी हटते आणि कष्टकऱ्याला सन्मानाचे काम मिळते, असे नेहमी सांगितले जाते. मग सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात ऊसतोड मजूर पिढ्यान्‌पिढ्या गरीब का राहिला? मजुरांनी स्वतःची संस्था काढल्यास काही साधेल काय? (एक वाचक, जि. बीड)

उत्तर : सहकारी संस्था प्रथम आपल्या सभासदांचे हित पाहते, आणि आपल्या प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला १९५० मध्ये सुरू झालेल्या कारखान्याने ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केले. हे काम मोठेच होते. मात्र ऊस तोडणारा या मालकीच्या बाहेर राहिला. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घ्यायची आणि हंगामभर राबून ती फेडायची, या व्यवस्थेत मजुराला ना सर्वसाधारण सभेत मत, ना नफ्यात वाटा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचे एकच एकक, धरले जात असल्याने बाईच्या श्रमाची तर स्वतंत्र मोजदादही होत नाही.

याउलट उदाहरण पुण्यात आहे. तेथील कचरावेचकांनी १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभारली आणि त्या संघटनेतूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, जिने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. यातील बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातील आहेत. पूर्वी कचराकुंडी उपसणारी बाई आता ओळखपत्र घेऊन दारोदार वर्गीकृत कचरा गोळा करते, घरटी शुल्क घेते आणि भंगार विकून आलेले पैसेही तिचेच असतात. कराराच्या नूतनीकरणासाठी संस्थेला वारंवार झगडावे लागले, हेही सांगितले पाहिजे. तरीही तो झगडा सभासद म्हणून करता येणे, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

ऊसतोड मजुरांनाही संस्था काढता येईल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार नोंदणीसाठी वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात. खरी अडचण भांडवलाची आहे, कारण हंगामापूर्वीच्या उचलीची सोय बँकेच्या कर्जातून झाली नाही, तर मजूर पुन्हा मुकादमाच्याच दारी जाईल, किंवा मुकादमच संस्थेचा अध्यक्ष होऊन बसेल. कागदावर मजुरांची आणि व्यवहारात ठेकेदाराची असलेली संस्था आपल्याकडे नवी नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सहकारी संस्थांविषयी २००२ मध्ये केलेल्या १९३ क्रमांकाच्या शिफारशीतही, कामगार कायदे टाळण्यासाठी अशा संस्थांचा वापर होऊ नये, असे बजावले आहे. म्हणून कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार थेट संस्थेने करावा, मुकादमाला संचालक मंडळापासून दूर ठेवणारी तरतूद उपविधींमध्ये (संस्थेच्या अंतर्गत नियमांमध्ये) करून घ्यावी आणि प्रत्येक कोयत्यातील बाईला स्वतंत्र सभासदत्व देऊन तिची मजुरी तिच्याच बँक खात्यात जमा करावी.