इंपेलर नवा, धार जोरात, तरी होडीच्या मागे लावलेलं जुनं आउटबोर्ड मशीन तापतं. मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाका. टाकू का?

नका काढू. थर्मोस्टॅट म्हणजे मशीन तापल्यावरच पाण्याची वाट उघडणारी झडप, इंपेलर म्हणजे गार करणारं पाणी वर ढकलणाऱ्या पंपाचं रबरी पात्यांचं चाक, आणि धार म्हणजे पंप चालू असल्याची खूण म्हणून मशीनमधून बाहेर पडणारं पाणी. इंपेलर कोणता घ्यावा हेही तुम्ही विचारलंय, पण दुखणं तिथे दिसत नाही. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, तीस वर्षांपुढचं, पंप नवा, धार चांगली, मंद चालीत ठीक आणि फुल रेसवर दहा मिनिटांत दम सोडतं, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे पाणी मशीनपर्यंत येतंय, पण पाहिजे तिथे पोचत नाही.

मिस्त्रीने दिलेला 'थर्मोस्टॅट फेकून द्या' हा सल्ला किनाऱ्यावर कुठल्याही बंदरात फुकट मिळतो. तो देणाऱ्यांशी वाद घालून मी थकलोय, तरी पुन्हा लिहितो. बऱ्याच टू-स्ट्रोक आउटबोर्डचा थर्मोस्टॅट ४८ ते ५२ अंशांना उघडायला लागतो आणि साठच्या आसपास पूर्ण उघडतो. गाडीच्या इंजिनापेक्षा हा आकडा मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण खारं पाणी जास्त तापलं की क्षार भिंतीवर धरतात. थर्मोस्टॅटच नसेल तर मंद चालीत ब्लॉक गारठलेला राहतो. पेट्रोल नीट उडत नाही, प्लग काळे पडतात, कार्बन साचतो. थंड सिलिंडरमध्ये पिस्टन आधी फुगतो, आणि तसंच एकदम रेस दिली तर पिस्टन घासतो. शिवाय थर्मोस्टॅटमुळे पाणी थोडं अडतं, म्हणून जॅकेट, म्हणजे सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी, वरपर्यंत भरलेलं राहतं. ती अडवणूक काढली की काही मशीनांत पाणी सोप्या वाटेने खाली पळतं आणि वरच्या सिलिंडरच्या डोक्यावर वाफेचा फुगा राहतो. बोटीवरचा माणूस मात्र खूश, कारण धार आणखी गार लागते.

धारेवर इतका भरवसा कशाला? बऱ्याच मॉडेलांत ती ब्लॉकच्या खालच्या भागातून किंवा एक्झॉस्ट कव्हरमधून घेतलेली असते. पंप पाणी ढकलतोय, एवढंच ती सांगते. सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, काय चाललंय ते तिला ठाऊक नसतं.

तुमच्यासारख्याच लक्षणांचं एक २५ हॉर्सपॉवरचं मशीन उघडल्यावर काय निघालं ते सांगतो. त्यात इंपेलर पुन्हा पुन्हा बदललेला, थर्मोस्टॅट गायब. हेड कव्हर काढलं तर वरच्या सिलिंडरभोवतीची वाट मीठ आणि रेतीच्या पांढऱ्या थराने बुजलेली. थर इतका घट्ट, की स्क्रूड्रायव्हरने टोचला तरी भुगाच पडत होता. एक्झॉस्ट कव्हरच्या मागे खाडीचा गाळ सुकून बसलेला. आणि पाण्याची नळी जिथे पॉवरहेडला, म्हणजे वरच्या मुख्य इंजिनाला, मिळते त्या रबराच्या बुशाजवळ जुन्या इंपेलरची दोन पाती अडकलेली. इंपेलर मोडतो तेव्हा त्याचे तुकडे कुठेतरी जातात. नवा बसवणाऱ्याने ते मोजले नाहीत की ते वर जाऊन बसतात. सहा पात्यांचा इंपेलर चार पात्यांचा होऊन बाहेर आला, तर दोन पाती सापडेपर्यंत काम संपलेलं नसतं.

म्हणून आधी मोजा, मग उघडा. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो कमी आकडा दाखवतो, तेव्हा दोन्ही सिलिंडरच्या डोक्यावर काळ्या टेपचा तुकडा लावून त्यावर मापा. साधारण ५० ते ७० अंश ठीक. दोन सिलिंडरांत वीस अंशांचा फरक असेल तर पंपाला दोष देऊ नका, वाट तुंबलीय. ८५ च्या वर चढत राहिला तर बंद करा. हेडवर टाकलेला पाण्याचा थेंब चरचरला तर फार उशीर झालाय. प्लगही काढून पाहा. चिनी मातीवर राखाडी चमकदार ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, हेड गॅस्केट पाहा. दोन सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे आतल्या दाबात, दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर बाकी खर्च करण्याआधी विचार करा.

उघडताना बोल्ट मोडतात. जुन्या खाऱ्या मशीनचे ६ मिलिमीटरचे बोल्ट ॲल्युमिनियमला चिकटून बसलेले असतात. आदल्या दिवशी गंजतेल सोडा, कव्हरला बोल्टभोवती गरम करा, बोल्ट आधी किंचित घट्ट करून मग सैल करा. पान्याला पाइप लावून जोर करू नका. आतला थर लाकडी काडीने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, उरलेल्यावर व्हिनेगर ओतून काही तास ठेवा आणि भरपूर गोड्या पाण्याने धुवा. संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही नको. ते थर खातं तसंच ॲल्युमिनियमही खातं, आणि मग गॅस्केटची बैठकच उरत नाही.

हेडचा पृष्ठभाग सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी) तपासा. ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तर जाड सपाट काचेवर ४०० ते ६०० नंबरचा पाण्याचा पॉलिशपेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकारात घासा. गॅस्केट नवंच घाला. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन टप्प्यांत आवळा. कव्हरच्या ६ मिलिमीटरच्या बोल्टला ८ न्यूटन-मीटर पुरे, हेडच्या बोल्टचा आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या.

थर्मोस्टॅट घरीच तपासता येतो. झडपेत दोरा अडकवून तो भांड्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवा, शेजारी थर्मामीटर, खाली मंद आच. झडप उघडली की थर्मोस्टॅट सुटून खाली पडेल, तो आकडा पाहा. साठ ओलांडूनही पडला नाही तर बदला. म्हणजे नवा बसवा, बरं का.

इंपेलरबद्दल: कंपनीचाच घ्या. बाजारातल्या नकली मालाचं रबर कडक असतं आणि पाती लवकर वाकून तशीच राहतात. पण नुसतं रबर बदलून भागत नाही. इंपेलर ज्यात फिरतो त्या स्टीलच्या कपाला आणि खालच्या पट्टीला नख अडकेल एवढी खाच असेल तर तेही बदला. शाफ्टची किल्ली, म्हणजे इंपेलरला शाफ्टशी अडकवणारा छोटा तुकडा, जागेवर आहे ना पाहा. बसवताना साबणाचं पाणी लावा आणि शाफ्ट घड्याळाच्या दिशेनेच फिरवा. पाण्याबाहेर काही सेकंद जरी सुरू केलं तरी नवा इंपेलर जळू शकतो.

आता राहिलेलं. हे सगळं केलं आणि तरी तापतंय, तर पाण्यापलीकडे बघा. कार्ब्युरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र, अर्धा तुंबला की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन तापतो, पाणी कितीही असो. स्कूटरचं टूटी (टू-स्ट्रोकचं) तेल वापरत असाल तर थांबवा. पाण्याने थंड होणाऱ्या मशीनला टीसी-डब्ल्यू३ तेल लागतं, ते राख सोडत नाही. पेट्रोलच्या मशीनला रॉकेल मिसळून चालवणाऱ्यांनी तर थर्मोस्टॅटविषयी बोलूच नये. रॉकेलचा ऑक्टेन कमी, ते आत ठोकतं, आणि ठोकणारं मशीन तापणारच.

आणि होडी बदलली असेल तर शाफ्टची लांबी पाहा. १५ इंची शाफ्ट २० इंची ट्रान्समवर (होडीच्या मागच्या फळीवर) लावला तर वेगात पंप हवा ओढतो. मशीन फुल रेसवरच तापत असेल तर खरं म्हणजे हे सगळ्यात आधी तपासायला हवं, कारण त्याला पान्याची गरज नाही, मोजायची टेप पुरते.