अकरावी, एसएटीचा क्लास आणि रविवारची मराठी शाळा

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि मुलगी येत्या सप्टेंबरात अकरावीत जाईल. आम्ही दोघेही पुण्यात शिकलो. दहावीच्या बोर्डानंतर अकरावीत जरा दम खायचा, अशी आमच्या वेळची रीत होती. तिच्या शाळेतील समुपदेशक मात्र कॉलेजच्या दृष्टीने हेच वर्ष सर्वांत महत्त्वाचे असल्याचे सांगतात. मुलगी दर रविवारी इथल्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवते. परवा ती 'ल' म्हणणाऱ्या एका सहा वर्षांच्या मुलाकडून 'बाळ, फळ, नळ' म्हणवून घेत पाऊण तास बसली होती. रविवारी एसएटीचा, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचा, क्लासही असतो. मराठी शाळा सोडायला लावावी का?
— एक आई

उत्तर : समुपदेशकांचे म्हणणे खरे आहे. महाराष्ट्रात प्रवेश बारावीवर आणि सीईटी, जेईई, नीट यांसारख्या परीक्षांवर ठरत असल्याने अकरावीच्या गुणांकडे फारसे कोणी पाहत नाही. अमेरिकेत मात्र अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच जातात, अर्ली, म्हणजे लवकर करायच्या, अर्जांची मुदत अनेक कॉलेजांत १ नोव्हेंबरच्या सुमारास संपते, आणि त्यामुळे प्रवेश समितीपुढे येणारे शेवटचे पूर्ण वर्ष अकरावीचेच असते. म्हणून आधी विषय विचारपूर्वक निवडावेत. सहा एपी, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे, विषय घेऊन प्रत्येकात धापा टाकण्यापेक्षा, झेपतील असे दोन-तीन घेऊन त्यांत उत्तम गुण मिळवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

एसएटीबद्दलची धास्ती थोडी कमी करावी. ऑक्टोबरात शाळेतच पीएसएटी ही एसएटीची पूर्वपरीक्षा होते, आणि नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी साधारणपणे अकरावीत दिलेलीच धरली जाते, म्हणून ती चुकवू नये. एसएटी आता संगणकावर होते, १६०० गुणांची असते आणि २ तास १४ मिनिटांत संपते. ब्लूबुक या अॅपवर पूर्ण सराव परीक्षा मोफत आहेत, खान अकादमीचा अभ्यासक्रमही मोफत आहे. शिवाय सर्वांची मागणी सारखी नाही : एमआयटीला हे गुण लागतातच, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेश देताना ते पाहतच नाही. कॉलेजांची कच्ची यादी आधी करावी, मार्चमध्ये एकदा परीक्षा द्यावी, आणि गुण कमी वाटले तरच क्लासचा विचार करावा.

आता आपला खरा प्रश्न. मराठी शाळा सोडायला लावू नये, असे मी अगदी मनापासून सांगते. कॉमन अॅप या, अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरे मिळतात. त्या जागा भरण्यासाठी महिनाभरापूर्वी धरलेले पाच छंद आणि कित्येक रविवार निष्ठेने केलेले एक काम यांतला फरक वाचणाऱ्याला कळतो. त्या मुलाच्या 'ळ'साठी खर्च केलेला पाऊण तास अर्जातल्या ६५० शब्दांच्या निबंधाचा विषयही होऊ शकेल, मात्र तो तिला स्वतःला सुचला तरच. आपण तो सुचवू नये. तिने रविवारी घरी आल्यावर चार ओळी वहीत लिहून ठेवाव्यात, एवढेच सांगावे.

पैशांचा हिशेबही याच वर्षी मांडावा. सरकारी मदतीच्या फाफ्सा अर्जात दहावीतल्या जानेवारीपासून अकरावीतल्या डिसेंबरपर्यंतचे उत्पन्न धरले जाते, म्हणजे आपले ते वर्ष सध्या चालूच आहे. कॉलेजांच्या संकेतस्थळांवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता अंदाजे किती खर्च येईल ते सांगणारा तक्ता, असतो. तो दोघांनी मुलीसोबत बसून भरावा, म्हणजे खर्चाचा आकडा तिलाही आधीच ठाऊक होईल.

शिफारसपत्रे बहुधा अकरावीच्या शिक्षकांकडून घेतली जातात. सुट्टी लागण्याआधी, मे महिन्यातच, तिने स्वतः जाऊन दोन शिक्षकांना विचारावे. आपण ई-मेल करू नये.