बुटक्या डबल बीची घाई नको

डबल बीची (म्हणजे लिमा बीन या शेंगभाजीची) बुटकी जात लावायचं ठरवलं असेल तर बरं केलंत, वेलासारखी मांडवाची कटकट नाही. पण पेरायची घाई करू नका. डबल बीला थंड माती अजिबात चालत नाही. माती १८ अंशांच्या खाली असली की बी उगवण्याआधीच कुजतं. बी भिजवत बसू नका, फुटतं. ओलसर मातीत साधारण तीन सेंटिमीटर खोल, डोळा (बी शेंगेला जोडलेलं असतं तिथली खूण) खाली करून टोचा आणि कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानेच द्या. नत्राचं खत तर नकोच, नुसता पाला माजतो. फुलं गळायला लागली तर घाबरू नका, पारा ३२च्या वर गेला की ती गळतातच. पाणी नियमित ठेवा. शेंगा साधारण ७० दिवसांत भरतात. हाताला दाणा टपोरा लागला की तोडा.

आता महत्त्वाचं: कच्चा दाणा तोंडात टाकू नका, मुलांनाही देऊ नका. त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. ताजे दाणे भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता वीसेक मिनिटं मऊ होईपर्यंत उकळा आणि ते पाणी ओतून द्या. वाळलेले असतील तर रात्रभर भिजवून मगच शिजवा. मसाल्याचा मारा मात्र नको. लसूण, तेल, मीठ पुरे.