गळक्या खोल्यांसाठी निधी मागताना

सप्रेम नमस्कार,

जिल्हा परिषद शाळेच्या गळक्या खोल्यांसाठी आमदारांना निवेदन द्यायचं म्हणतोयस, ते जरूर दे. पण ‘शाळेला निधी द्या’ एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही. पैसा कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या क्रमांकाच्या खर्चखात्यातून हवा, हे आधी शोध.

राज्याच्या अर्थसंकल्पात २२०२ हे सर्वसाधारण शिक्षणाच्या महसुली (दरवर्षीच्या चालू) खर्चाचं शीर्ष, तर ४२०२ भांडवली (बांधकामासारख्या टिकाऊ) खर्चाचं. २२०२ ची रक्कम प्रचंड दिसते, पण तिचा बहुतांश भाग पगारांचा असतो. पगार व्हायलाच हवेत. मात्र ‘शिक्षणाची तरतूद वाढली’ असं कानावर आलं की ती वाढ वेतनात आहे की वेतनेतर बाबींत, एवढं तपासच. मग अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी मांड. तरतूद घसघशीत आणि खर्च तुटपुंजा, असं दिसलं तर बऱ्याचदा प्रशासकीय मान्यता रखडलेली असते, निविदा वर्षअखेरीस निघते आणि ३१ मार्चला निधी व्यपगत होतो, म्हणजे न वापरल्याने परत जातो. आमदारांनी सभागृहात तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न) विचारायचा तो यावर.

तुमच्या खोल्यांचा पैसा बहुधा जिल्हा वार्षिक योजनेतून येईल; ती जिल्हा नियोजन समिती ठरवते. म्हणजे मार्चमधल्या अर्थसंकल्पी भाषणाइतकंच लक्ष या समितीच्या बैठकीकडे हवं. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर (विद्यार्थिसंख्येवर) ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. यात खडू, वीजबिल, स्वच्छता सगळं भागवायचं. छत त्यात बसत नाही.

सगळ्यात जास्त घात कागदावर होतो. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदप्रणालीत, वर्गखोल्यांची स्थिती भरावी लागते. तिथे ‘चांगली’ अशी नोंद गेली असेल, तर तुझं निवेदन सरकारी आकड्यांशीच भांडत बसेल. मुख्याध्यापकांना भेटून ‘मोठी दुरुस्ती आवश्यक’ ही नोंद करून घे. खोली धोकादायक असेल तर आधी निर्लेखनाचा (खोली वापरातून आणि नोंदीतून अधिकृतपणे काढण्याचा) प्रस्ताव लागतो. ते झाल्याशिवाय जुनी खोली पाडून त्या जागी नवी बांधता येत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २२ नुसार समितीचा शाळा विकास आराखडा हाच अनुदानाचा आधार आहे. कित्येक शाळांत तो जुन्याची नक्कल असतो, याचं फार वाईट वाटतं. तुमचा खराखुरा करा आणि डिसेंबरच्या आत ठराव घ्या. सोबत बांधकाम विभागाच्या अभियंत्याचं अंदाजपत्रक, फोटो आणि जागेचा उतारा जोडा. अंदाजपत्रकाविना आलेला प्रस्ताव यादीत मागे पडतो.

अंदाजपत्रक मिळालं की मला पाठव, रकमा एकदा पाहून घेऊ.

शुभेच्छांसह