अख्ख्या जिल्ह्यासाठी देवाकडे मागायचं तरी काय?

प्रश्न : नमस्कार दादा, माझं माहेर शहादा तालुक्यातलं, सासर नवापूरकडचं, पण आता बरीच वर्षं आम्ही सुरतला उधन्यात राहतो. इकडे नंदुरबार जिल्ह्याच्या आम्ही काहीजणी मिळून दर सोमवारी रात्री दहाला फोनवर कॉन्फरन्स लावून आपल्या जिल्ह्यासाठी प्रार्थना करतो. पावसाळ्यात आपल्या सातपुड्यातल्या तोरणमाळचे फोटो आले की सगळ्यांना भरून येतं, पण एरवी तेच ते, "सगळ्यांना सुखी ठेव" म्हणायचं आणि फोन ठेवायचा. शिवाय आमच्यात माळकरी आहेत, चर्चला जाणाऱ्या आहेत, एक अक्कलकुव्याकडची आहे तिची देवी याहा मोगी, त्यामुळे कोणाच्या नावाने मागायचं यावरून पण अवघडल्यासारखं होतं. एवढ्या मोठ्या जिल्ह्यासाठी प्रार्थना करता येते का खरंच, की आपलं नुसतं मनाचं समाधान?

उत्तर : ताई, येते, आणि करत राहा. फक्त "सगळ्यांना" या शब्दावर सोडू नका.

आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी, तुमच्या घरी होतच असेल. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्याच्या आधी गहू निवडून मोजून घेतात तेव्हा कोणी डबा उचलून असेच गहू ओतत नाही, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन सव्वा मूठ काढतात. जो पुण्याला नोकरीला आहे त्याची मूठ पडते, जो यंदा येणार नाही त्याची पण पडते. (बऱ्याच घरांत पुरुषांच्याच नावाने काढतात, मला विचाराल तर लेकीसुनांची पण पडायला पाहिजे.) नाव घेतलं की माणूस डोळ्यासमोर येतो, त्याची तब्येत, त्याचं कर्ज, त्याच्या मुलीचं लग्न सगळं आठवतं. जिल्ह्यासाठी पण असंच नाव घेऊन मागा.

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून आपला जिल्हा वेगळा झाला, तालुके सहाच आहेत, एका सोमवारी एकच तालुका घ्या. समजा नवापूर घेतला, तर २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे सापडला होता आणि शेडच्या शेड रिकामे करावे लागले होते, २०२१ ला परत तेच, म्हणजे पोल्ट्रीवाल्याच्या पोटातली भीती काय असते ते समजून मग मागणं मागा. नंदुरबारला मिरची वाळवायच्या मैदानांवर, पथाऱ्यांवर, दिवसभर उन्हात आणि ठसक्यात बसणाऱ्या बाया आहेत, आणि मिरची वाळत पडलेली असताना अवकाळी आला की व्यापाऱ्याचा माल जातो तशी त्यांची मजुरी पण जाते. शहाद्याचं मी काय सांगू, केळी-पपईचं तुम्हाला जास्त माहीत. तळोद्याकडे सरदार सरोवरात गाव गेलेली माणसं वसाहतींमधे राहतात, ज्यांनी नर्मदेच्या काठावरचं सगळं सोडलं, त्यांच्यासाठी तर वेगळा सोमवार ठेवा.

आता तोरणमाळच्या फोटोंबद्दल. यशवंत तलावावर धुकं उतरतं ते बघून देवाचे आभार मानावेसे वाटतात, मानायलाच पाहिजेत, एवढा सातपुडा आपल्याला फुकट मिळालाय. पण त्याच धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांमधे असे पाडे आहेत की जिथे पावसाळ्यात गाडी जात नाही, आणि कळा सुरू झालेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून चौघंजण चिखलातून रस्त्यापर्यंत आणतात, कधी कधी वाटेतच होतं सगळं. फोटोत जी हिरवी घडी दिसते ना ती तिच्यासाठी चढण आहे. म्हणून सौंदर्याचे आभार मानाल त्याच वाक्यात रस्ता मागा, नर्स मागा, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पोरांना वेळेवर औषध मिळू दे म्हणा. देवाकडे रस्ता मागायला कसली लाज? आपल्या आजीने विहिरीला पाणी मागितलंच होतं की.

दिवाळीनंतर कितीतरी घरांना कुलपं लागतात, माणसं ऊसतोडीला गुजरातकडे नाहीतर खाली पश्चिम महाराष्ट्रात जातात, पोरांची शाळा तिथेच बुडते. त्यांच्यासाठी मागताना तुम्ही सुरतला आहात हे विसरू नका, तुमच्या आसपासच कोणीतरी पालात राहत असेल, जाऊन विचारा काय पाहिजे ते. विचारल्याशिवाय केलेली प्रार्थना आपण आपल्याच कल्पनेसाठी करतो असं मला वाटतं.

कोणाच्या नावाने मागायचं याचं अजिबात टेन्शन घेऊ नका. २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यात दहातले सातेक आदिवासी, म्हणजे तुमच्या ग्रुपमधली ती अक्कलकुव्याची मुलगी पाहुणी नाही, तिलाच आधी बोलू द्या. महाशिवरात्रीला गुजरातमधल्या देवमोगऱ्याला याहा मोगीच्या दर्शनाला लोक नवीन टोपलीत धान्य घेऊन जातात, मागायच्या आधी आपल्या शेतातलं ठेवतात, हे तिच्याकडून ऐका. मग माळकरी ताईंनी विठ्ठलाचं नाव घ्यावं, चर्चवाल्या ताईंनी येशूचं, ज्याला बोलायचं नाही त्याने गप्प बसावं. तालुका एक, माणसांची नावं एक, देवाला हाक आपापली. फक्त एक पाळा, कोणी दुसऱ्याला सुधारण्यासाठी देवाकडे मागायचं नाही. आपल्याकडे गावागावांत यावरून मनं दुखावलेली आहेत, ती तुमच्या फोनवर परत दुखायला नकोत.

आणि मनाचं समाधान म्हणालात, ते मिळत असेल तर मिळू द्या की. पण दर सोमवारी निदान एक फोन त्या तालुक्यातल्या कोणालातरी करा, मामा असो, शाळेतली जुनी मैत्रीण असो, आशाताई असो, आणि "तुमच्यासाठी काय मागू?" असं सरळ विचारा. लोक आधी "काही नाही, सगळं बरं आहे" म्हणतात, दोन मिनिटं थांबलं की सांगतात.

वेळ मात्र बदला. रात्री दहाला ऊसतोडीवाले झोपलेले असतात, पहाटे कोयता घेऊन निघायचं असतं त्यांना. त्यांना पण जोडायचं असेल तर आठच्या आत घ्या.