वडिलांना पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी, तोल आणि नजर बिघडवत जाणारा मेंदूचा आजार) आहे, मलाही होईल का? जनुक चाचणी करून घेऊ का?

बहुतेक नाही होणार, आणि चाचणीवर पैसे घालवू नका.

पीएसपीत मेंदूतलं टाऊ प्रथिन साचत जातं. त्याचं जनुक १७ व्या गुणसूत्रावर. त्याच्या एच-१ नावाच्या रूपाने धोका वाढतो हे खरं, पण ते रूप इतकं सर्रास आहे की वाडीत जवळजवळ प्रत्येकात सापडेल, आणि त्यातल्या जवळजवळ कुणालाच हा आजार होत नाही. म्हणजे 'एच-१ आहे' असा रिपोर्ट आला तरी हातात काय? हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराची गोष्ट वेगळी. तिथे एकच जनुक आजार आणतं, मुलाला ५० टक्के शक्यता.

देवगडला आमच्या मामांना हाच आजार होता. जांभ्याची पायरी उतरताना पाय चुकायचा, कारण नजर खाली वळायचीच नाही. खळ्यात दोनदा पाठीवर पडले. गावात सगळे म्हणायचे, वय झालं. आता दहा वर्षं झाली, चारही मामेभावंडं ठणठणीत आहेत.

मात्र घरात आणखी कुणाला कंप, असंच तोल जाणं किंवा लवकर विसरभोळेपणा आला असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना तसं स्पष्ट सांगा. मग जनुकीय समुपदेशनाचा विचार करता येईल. तोवर वडिलांच्या न्हाणीघरात धरायला दांडा बसवा.