किशोरवयीन मुलं आणि चित्रकार मिळून भिंत रंगवतात, तेव्हा मुलांच्या वाट्याला नेमकं काय येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सोळा वर्षांची. तिच्या गटातली मुलं आणि दोन स्थानिक चित्रकार मिळून एका सार्वजनिक भिंतीवर मोठं चित्र करणार आहेत. यात मुलांना खरंच काही मिळतं, की चित्रकारांना फुकटचे हात मिळतात? आणि चित्र आधीच ठरलेलं निघालं तर तिने राहावं की बाहेर पडावं?

दोन्ही प्रकार मी पाहिलेत. मी भित्तिचित्रं करतो, त्यातली बरीच याच वयाच्या मुलांबरोबर. तेव्हा मी चित्रकारांच्या गोटातला माणूस आहे हे धरूनच पुढचं वाचा. माझ्या मते सगळं एका गोष्टीपाशी येऊन थांबतं: भिंतीवर काय काढायचं हे ठरत होतं तेव्हा मुलं तिथे बसलेली होती का, आणि त्यांच्या बोलण्यामुळे चित्रात काही बदललं का. ब्रश कोणाच्या हातात होता, हे त्याच्या नंतरचं.

या प्रकारच्या कामाचं सगळ्यात मोठं उदाहरण लॉस एंजेलिसमधलं आहे. पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या एका काँक्रीटच्या कालव्याच्या भिंतीवर ज्युडिथ बाका या चित्रकर्तीने १९७६ मध्ये काम सुरू केलं. पहिल्या उन्हाळ्यात ८० मुलं होती, पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यात सापडलेली आणि तिथूनच या कामावर पाठवलेली. त्यांच्याबरोबर दहा चित्रकार आणि पाच इतिहासाचे अभ्यासक होते. पुढे अनेक उन्हाळे ते चाललं, चारशेहून जास्त मुलांचे हात लागले आणि १९८३ पर्यंत चित्र २,७५४ फुटांवर, म्हणजे अर्ध्या मैलाच्या थोडं पुढे गेलं. त्यात कॅलिफोर्नियाचा असा इतिहास आहे जो त्या मुलांच्या शाळेच्या पुस्तकात नव्हता: मूळ रहिवासी, दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे लोक, मेक्सिकोला परत धाडलेले मजूर. मुलांना कामाचे पैसेही मिळत होते. ‘फुकटचे हात’ या तुमच्या शंकेला याहून सरळ उत्तर नाही.

मला त्या यादीतले ते पाच इतिहासकार सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. कारण ‘तुम्हाला काय काढायचंय?’ असं मोकळं विचारलं की जगातल्या कुठल्याही गटातून तीच चार चित्रं येतात: पृथ्वीचा गोल, एकमेकांत गुंफलेले हात, उडणारे पक्षी आणि ज्याच्या पानांच्या जागी माणसांचे चेहरे आहेत असं झाड. यात मुलांची कल्पनाशक्ती कमी पडते असं अजिबात नाही. मोठ्यांना काय आवडेल हे त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि ती तेच पुढे करतात. हा थर खरवडायला वेळ लागतो. आधी त्यांना भिंतीच्या आसपास राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायला पाठवावं, इथे पूर्वी काय होतं ते विचारायला लावावं, जुने फोटो गोळा करायला लावावेत. मग पृथ्वीचा गोल आपोआप बाजूला पडतो आणि कोणीतरी म्हणतं, ‘त्या आजी सांगत होत्या तो नळ काढू या.’ तिथून खरं चित्र सुरू होतं.

हात वर करून मतदान घेऊ नये, हे माझं ठाम मत. त्यात गटातल्या सगळ्यात लोकप्रिय मुलाचं चित्र जिंकतं आणि बाकीचे त्याच दिवशी मनाने घरी जातात. त्यापेक्षा सगळ्यांची कच्ची चित्रं नावं न घालता जमिनीवर पसरावीत. चित्र कोणाचं हे न पाहता त्यातला कुठला तुकडा भिंतीवर हवा एवढंच बोलावं. ते तुकडे एका चौकटीत बसवायचं काम मात्र चित्रकाराचंच. वीस जणांच्या तुकड्यांची एक रचना करणं, तीस फुटांवरून काय दिसेल आणि काय विरून जाईल हे ओळखणं, याला वर्षं जातात. मुलांनी इथे चित्रकारावर विश्वास टाकायला हरकत नाही. फक्त रचना झाली की ती पुन्हा मुलांसमोर यायला हवी आणि तेव्हा ‘हे आमचं नाही’ म्हणायची सोय हवी.

आता उलट बाजू. कीथ हेरिंग या अमेरिकी चित्रकाराने १९८९ मध्ये शिकागोत सुमारे पाचशे विद्यार्थ्यांबरोबर पावणेपाचशे फुटांहून लांब चित्र केलं. काळ्या रेषा त्याच्या, आतले रंग मुलांचे. म्हणजे रंग भरण्याचंच काम, आणि तरी ते मला लबाडीचं वाटत नाही, कारण रेषा त्याच्या आहेत हे उघड होतं. त्याआधी १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची शंभरी झाली तेव्हा त्याने एका अवाढव्य कापडावर पुतळ्याची फक्त बाह्यरेषा काढली आणि आत हजारेक मुलांनी आपापले शब्द आणि चित्रं भरली. दोन्हीत रेषा त्याचीच, पण दुसऱ्या कामात मुलांना स्वतःचं बोलायला जागा होती. तुमच्या मुलीच्या कामात अशी जागा आहे का, एवढं बघा.

प्रत्यक्ष भिंतीवर काय घडतं ते सांगतो, कारण मुलं शिकतात ते बहुतेक इथे, आणि आईबापांना वाटतं त्यापेक्षा हे फार वेगळं असतं. पहिले काही दिवस चित्र नसतंच. भिंत धुणं, पोपडे काढणं, ओल कुठून येते ते शोधणं. लोणा लागलेल्या भिंतीवर कितीही सुंदर चित्र काढा, क्षार रंगाला आतून ढकलून देतात. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर महिनाभर तरी थांबावं लागतं. भिंत फार जुनी असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, तिथे कोरडं घासकाम मुलांना अजिबात देऊ नये. हे तुम्ही स्वतः विचारा.

मग छोटं चित्र मोठ्या भिंतीवर नेण्याची पाळी. छोट्या चित्रावर आणि भिंतीवर सारख्याच चौकटी आखून एकेक चौकट उतरवणं सगळ्यांना माहीत आहे. प्रोजेक्टर लावला तर काम अंधारातच होतं. मला आवडते ती तिसरी रीत: मुलांनी आधी भिंतभर वाटेल ते खरडायचं, अक्षरं, आकडे, मिशा, काहीही. त्या भिंतीचा फोटो काढून त्यावर चित्र बसवायचं आणि मोबाइलवर बघत, ‘त्या उलट्या आठाच्या पोटातून नाकाची रेघ जाते’ असं करत रेषा उतरवायच्या. वाकड्या, खडबडीत भिंतीवर चौकटींपेक्षा हे सोपं जातं. शिवाय चित्र काढता येत नाही म्हणून मागे राहणारं पोरही पहिल्या दिवशी भिंतीला हात लावतं. खरडायला पातळ रंग घ्यावा. मार्कर पेनाची शाई वरच्या रंगातून फुटून दिसत राहते.

रंगांचं गणित मुलं पटकन शिकतात. प्रत्येक छटेला क्रमांक, तोच डब्यावर आणि तोच भिंतीवर. लागेल तेवढी छटा एकदाच कालवायची, कारण दुसऱ्या वेळी ती हुबेहूब जमत नाही. ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतो, म्हणून ओल्या रंगावरून भांडण करू नये, ठिपका वाळू द्यावा. कडक उन्हाच्या भिंतीवर झगझगीत निऑन रंगांचा हट्ट मुलं धरतातच. ते सगळ्यांत आधी उडतात. गेरू, पिवळी माती यांसारखे मातीचे रंग वर्षानुवर्षं टिकतात, हे त्यांना आधी सांगायचं आणि मग निवड त्यांच्यावर सोडायची.

परांचीवर मुलांनी चढावं का, हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. माझं उत्तर नाही. त्याची गरजही नाही. फिलाडेल्फियात १९८४ मध्ये भिंती विद्रूप करणाऱ्या मुलांनाच चित्रकामाकडे वळवायची मोहीम निघाली. जेन गोल्डन या चित्रकर्ती तेव्हापासून तिच्यात होत्या आणि त्यातूनच शहराची भित्तिचित्रांची मोठी संस्था उभी राहिली. तिथे ‘पॅराशूट कापड’ म्हणतात त्या पातळ कापडाचा खूप वापर होतो. मुलं खोलीत टेबलावर तुकडे रंगवतात आणि जाणते लोक ते ॲक्रिलिकच्या चिकट लेपाने भिंतीवर डकवतात. नीट डकवलं तर जवळ जाऊनही जोड दिसत नाही. वरचा भाग असा, हाताला येतो तेवढा थेट भिंतीवर, ही वाटणी उत्तम.

फारसं कोणी बोलत नाही अशा दोन गोष्टी राहिल्या. भिंतीच्या मालकाची परवानगी लेखी हवी आणि चित्र किमान किती वर्षं राहील, पुसायचं झालं तर आधी कोणाला कळवायचं, हेही त्यात हवं. मोठी माणसं हा कागद टाळतात आणि नंतर पुसलेली भिंत बघायची वेळ मुलांवर येते. दुसरं, नावं. कोपऱ्यात चित्रकाराची ठसठशीत सही आणि खाली ‘व युवा मित्र’ असं असेल तर काय समजायचं ते समजा. सगळ्यांची नावं एकाच मापात यावीत, हे काम सुरू होण्याआधी बोलून घ्यावं.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. चित्र आधीच ठरलेलं निघालं तर लगेच बाहेर पडू नका. कधीकधी पैसे देणाऱ्यांनी मंजूर चित्राशिवाय हात लावू नये अशी अट घातलेली असते आणि चित्रकारही त्यात अडकलेले असतात. मुलीने त्यांना सरळ विचारावं: यातला कुठला भाग अजून मोकळा आहे? कडेची पट्टी, पार्श्वभूमीची नक्षी, माणसांच्या कपड्यांवरची चित्रं, काहीही चालेल. चित्रकार थोडा विचार करून एखादा भाग दाखवतील, तर तिने राहावं, तो भाग गटाकडे मागून घ्यावा आणि बाकी वेळ मन लावून क्रमांकांत रंग भरावा. त्यातही हात बसतो. ‘तुम्ही फक्त रंग भरा’ एवढंच उत्तर आलं आणि मोबदलाही नसेल, तर तिचा उन्हाळा दुसरीकडे जास्त चांगला जाईल.